टीव्हीकडे पाठ करून

आमच्या घरात टीव्ही आला त्या संध्याकाळी आईने आपलं स्टूल त्याच्याकडे पाठ करून मांडलं. मी आणि माझी मुलगी केइला चटईवर, समोर टीव्ही, आणि टीव्हीला लागून आई. तोंड आमच्याकडे, मांडीवर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. पडद्यावर काय चाललंय ते ती आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायची. आमच्यापैकी कुणी हात तोंडावर नेला की मागे वळूनही न बघता ती रुमाल पडद्यावर टाकायची. नेम कधी चुकला नाही. सिनेमातलं चुंबन उरकलं असेल असा अंदाज घेऊन मग ती रुमाल काढायची. बऱ्याचदा तोवर त्या दोघांचं भांडण सुरू झालेलं असायचं.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण आई टीव्हीकडे का बघत नाही हे मला ठाऊक होतं, आणि तो घरात का आला हेही, त्यामुळे माझं हसू फार वेळ टिकायचं नाही.

माझी आई झुल्मीरा. ब्राझीलच्या पिआउई राज्यातल्या आमच्या गावात तिला सगळे भगिनी झुल्मीराच म्हणत. कौलांच्या भट्टीवर काम करणाऱ्या आमादेऊशी, म्हणजे माझ्या बाबांशी, तिचं लग्न झालं. दोघांनी एकाच दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तिने केसांना कात्री लावली नाही की ओठांना रंग. बाबा पुढे आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंचांपैकी एक झाले. रविवारी व्यासपीठावर बसायचे आणि वरून सगळी माणसं मोजायचे. आमची मंडळी तेव्हा टीव्हीला सैतानाचा डबा म्हणायची. ज्याच्या घरात तो सापडेल त्याला शिस्तीखाली ठेवायचे. म्हणजे प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीतल्या भाकरीचं ताट त्याच्यापुढून तसंच पुढे सरकायचं आणि ते सगळ्यांना दिसायचं.

गल्लीत एकच टीव्ही होता, समोरच्या कार्मोझाबाईचा. बाई कुठल्याच मंडळीत जात नव्हती. खुर्च्या कमी म्हणून ती खिडकी उघडी ठेवायची आणि अर्धी गल्ली बाहेरून बघायची. माझा मोठा भाऊ एलिएझेर त्या खिडकीत वाढला म्हटलं तरी चालेल. एका पायावर उभा राहायचा आणि दुसऱ्या पायाच्या पंजाने पोटरी घासायचा. तासन्‌तास. आई घरातून हाक मारायची, "अरे, पाय आहे की करवत? घासून घासून तुटेल एक दिवस!"

फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी रविवारची उपासना आणि सामना एकाच वेळी आले. व्यासपीठावरून बाबांना एलिएझेरची रिकामी जागा दिसली. गाणं चालू असताना ते उठले, गल्लीत गेले आणि त्याला मानगूट धरून घेऊन आले. सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं. त्याचं मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, म्हणून त्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट बाबांपुढूनही सरकलं. तेव्हा बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "खिडकीत उभा राहणारा मुलगा माझा नाही. आणि तो डबा माझ्या कौलांखाली येणार नाही, मी शब्द देतो. माझी बायकोही त्याच्याकडे डोळे वर करून बघणार नाही." आईला कुणी विचारलं नव्हतं. तिने मान खाली घालून 'आमेन' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एलिएझेर कौलांच्या ट्रकवर चढून साओ पाउलोला गेला. ती कौलं बाबांनीच भाजलेली होती. आई मक्याच्या वाफवलेल्या कुसकुसचं गाठोडं घेऊन धावली, पण ट्रक वळणाआड गेला होता. त्यानंतर त्याची काही खबर नाही. कुणी म्हणे तो बांधकामावर आहे, कुणी म्हणे मेला. बाबांनी त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. फक्त शेवटच्या आजारात, भर दुपारी, चामड्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते सारखं म्हणत होते, "झुल्मीरा, त्याला आत बोलाव. उन्हात उभा आहे." आई दारापर्यंत जाऊन यायची आणि सांगायची, "बोलावलं हो. येतोय." त्याच खुर्चीत ते गेले. मग त्या खुर्चीत कुणी बसेनासं झालं.

माझं नवऱ्याशी पटलं नाही, म्हणून मी केइलाला घेऊन माहेरी परत आले. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आई अंगणात घेवडा निवडत होती. एकदम ताट तिच्या हातातून पडलं आणि ती ओरडली, "एलिएझेर!"

मी धावत बाहेर आले. समोर कार्मोझाच्या खिडकीत केइला पाठमोरी उभी होती. एका पायावर. दुसऱ्या पायाने पोटरी घासत होती. ज्या मामाला तिने कधी पाहिलंही नव्हतं त्याची ती सवय कुठून आली, देव जाणे.

आई दाणे गोळा करत म्हणाली, "नोएमी, खिडकीत उभं राहणारं लेकरू या घरातून जातं. मी हिला जाऊ देणार नाही."

तशीच ती पास्टर ओस्मीरांकडे गेली, मला बरोबर घेऊन. पास्टर नवीन होते, वयाने माझ्याहूनही लहान. कॉफी पीत बसले होते.

"प्रभूची शांती, पास्टर. मला घरात टीव्ही आणायचाय."

पास्टरांना ठसका लागला. "भगिनी झुल्मीरा, तुम्हाला?"

"मलाच. शेजारणीसाठी नाही विचारत."

"पण आमादेऊ बंधूंनी सगळ्या मंडळीसमोर शब्द दिला होता..."

"दिला होता. त्या शब्दापायी एक मुलगा गेला माझा. आता नात त्याच खिडकीत उभी आहे. तिला बाहेर उभं ठेवू की आत बसवू, एवढंच सांगा. आत बसवलं तर काय बघते ते मला कळेल तरी."

पास्टरांनी बराच विचार केला. मग एकेक अट घातली. रोज एकच तास, तोही दिवेलागणीला, प्रार्थनेच्या आधी. मालिका नाहीत, नाच नाही, रविवारी तर मुळीच नाही. मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. "आणि भगिनी, दाराच्या कपाटात ठेवा. लोकांच्या डोळ्यांवर यायला नको."

"देवाला कपाटातलं दिसत नाही वाटतं?" आई म्हणाली. पण कपाट केलं.

कार्मोझाने तेव्हाच नवा रंगीत टीव्ही घेतला होता. जुना काळा-पांढरा देऊन टाकायला ती तयार होती. मी म्हटलं, "आई, एवढं करतेसच तर बरासा तरी आण." ती म्हणाली, "तोच हवा. एलिएझेर ह्याच डब्यात बघत बघत गेला. आला तर ह्याच वाटेने येईल." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. आईचं डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं, हे इथेच सांगून ठेवते.

बाबांचा शब्द तिने निम्मा मोडला आणि निम्मा पाळला. डबा कौलांखाली आला, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. रोज कपाट उघडण्याआधी ती रिकाम्या खुर्चीला सांगायची, "अहो, एकच तास हं. पोरीसाठी."

पहिल्या संध्याकाळी तास संपला, मी बटण फिरवलं आणि काच काळी झाली. केइला उठली नाही. काचेकडे बघत राहिली.

"आजी, आजोबा आत बसलेत."

काळ्या काचेत आमची खोली दिसत होती. मागची भिंत, आणि भिंतीशी ती खुर्ची. आई वळली नाही. तिने विचारलं, "काय करतायत?"

"बघतायत."

"रागावलेत का?"

केइलाने नीट पाहिलं. "नाही. नुसतेच बघतायत."

मीही पाहिलं. खुर्चीवर काहीतरी काळं होतं. दिव्याची सावली असेल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवसापासून मी काचेकडे न बघता कपाटाचं दार लावते.

असं वर्षभर चाललं. केइला खिडकी विसरली. एका संध्याकाळी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला होता. त्याच्याइतकं सोज्वळ तर पास्टरांच्या घरीही काही नसेल. एक जाडजूड बाई साओ पाउलोच्या भाजीबाजारात भोपळे निवडत होती. भोपळा कसा वाजवून बघायचा ते सांगत होती. तिच्या मागे एक माणूस एका पायावर उभा होता, डोक्यावर पोतं टाकलेला, केस पांढरट झालेले. तो कॅमेऱ्याकडे बघत होता. आणि दुसऱ्या पायाच्या पंजाने पोटरी घासत होता.

माझा हात तोंडावर गेला.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मागे न वळता रुमाल टाकला. नेम चुकला नाही. मी गुडघ्यांवर सरपटत गेले आणि रुमाल ओढून काढला. पडद्यावर पातेलं होतं. भोपळ्याचं सूप उकळत होतं.

"काय होतं गं? एवढं काय घाणेरडं दाखवत होते?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, एलिएझेर होता."

ती हलली नाही. सूप उकळून झालं, बाई 'पुन्हा भेटू' म्हणाली, तरी आई तशीच आमच्याकडे तोंड करून बसली होती. मग तिने विचारलं, "तो आपल्याकडे बघत होता?"

"हो."

"आणि मी त्याच्या तोंडावर कापड टाकलं."

आमच्याकडे तोंडावर कापड कुणाच्या टाकतात ते मी सांगायला नको. मी तिला परोपरीने समजावलं. तो तोच होता कशावरून, साओ पाउलोत पोटरी घासणारे काय कमी असतील, अशी माणसं बाजारात पैशाला पासरी मिळतील. तिने ऐकून घेतलं. रुमालाची घडी केली, पेटीत तळाशी ठेवली, आणि उठून बाबांच्या खुर्चीपाशी गेली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आता मी बघणार."

आणि ती त्या खुर्चीत बसली, टीव्हीकडे तोंड करून. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

आम्ही त्या कार्यक्रमवाल्यांना फोन लावला. कुणीतरी मुलगी फिसकन हसली आणि म्हणाली, "बाई, बाजारात हजार हमाल असतात." पास्टरांनी तिकडच्या मंडळ्यांना निरोप पाठवले. काही हाती लागलं नाही. आई मात्र रोज दिवेलागणीला खुर्चीत बसायची, एका कडेला, शेजारी कुणाला तरी जागा सोडल्यासारखी. तास एकच. त्यात तिने कधी लबाडी केली नाही. पण आता चुंबन आलं तरी डोळे मिटायची नाही. केइला लाजून म्हणायची, "आजी, शी!" तर आई म्हणायची, "करू दे गं त्यांना. त्यांच्या मागे कोण उभं आहे ते बघ." पुढच्या माणसांकडे तिचं लक्षच नसायचं. ती मागची माणसं बघायची, रस्ता ओलांडणारी, बसला लटकलेली, पुरात छपरावर चढलेली. दुसऱ्याच्या खिडकीतून बघावं तशी थोडी पुढे झुकून बसायची.

तास संपला की प्रार्थनेआधी तिचा एक प्रश्न असायचा. "बारीक झाला होता का गं?"

"नाही आई. चांगला होता."

"हसत होता?"

"हो."

तो हसत नव्हता. पोत्याखालून उन्हात डोळे बारीक करून बघत होता, एवढंच. पण रोज विचारल्यावर मी दुसरं काय सांगणार होते? सांगून सांगून आता मलाही तो हसताना आठवतो.

आई गेली ती सकाळी, कॉफी गाळताना. तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्या तोंडावर काही घालू नकोस." दुपारी मंडळीच्या बायका शवपेटीवर टाकायला जाळीचं कापड घेऊन आल्या. मी ते दारातच परत केलं. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे.

पेटी बाहेरच्या खोलीत ठेवली होती. उपासनेची गाणी चालू होती. खोली माणसांनी गच्च भरली होती, फक्त चामड्याच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. दिवेलागण झाली तशी केइलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती उठली, कपाटाचं दार उघडलं आणि आवाज पूर्ण बंद करून टीव्ही लावला. कुठल्याशा शहरातली माणसं रस्ता ओलांडू लागली. मी पेटी जराशी वळवून आईचं तोंड टीव्हीकडे केलं. केइला पेटीशेजारी उभी राहिली आणि मागच्या माणसांकडे बघू लागली.

गाणं अडखळलं. पास्टर ओस्मीर माझ्याजवळ आले आणि खाली वाकून कानात म्हणाले, "भगिनी नोएमी, हे काय? आज? टीव्ही?"

"एकच तास, पास्टर," मी म्हटलं. "तुम्हीच घालून दिलाय."