वळचणीतली लोकर

मोराग मॅकेक्नीच्या नाकाला ओवाका गावातली माणसं वचकून असत. मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांना तिने उमेदीची सगळी वर्षं रांधून घातलं होतं. मटण उतरलंय की नाही हे ती पातेल्यावरचं झाकण काढायच्या आधीच सांगे. खाटकाने कितीही शपथा घेतल्या तरी मग ते पातेलं सरळ कुत्र्यांपुढे जाई. अशा बाईला स्वतःच्या घरातला वास तेवढा कळला नाही. की कळत होता आणि ती कळून घेत नव्हती, देव जाणे.

त्या घराचं कौतुकही फार. दक्षिणेच्या समुद्रावरून वारा सुटला की गावात लोकांच्या तोंडातून घरातल्या घरात वाफ निघे. मॅकेक्नींकडे मात्र पायमोजे काढून बसावं. ही करामत मोरागच्या नवऱ्याची, अ‍ॅलेकची. तो स्वतः कातरणारा. मेंढीच्या पोटाखालची, शेपटीजवळची मळकी लोकर कुणी विकत घेत नाही. ती तो गोणीत भरून घरी आणी, माळ्यावर चढे आणि पत्रे जिथे भिंतीवर टेकतात त्या वळचणीच्या फटीत ठासून भरे. दर हंगामाला थोडी थोडी. वाऱ्याला आत यायला त्याने बोटभर जागा ठेवली नव्हती.

पहिली गोण त्याने ठासली ती वडिलांसाठी. म्हातारे हेमिश शेवटचे दोन हिवाळे मागच्या खोलीत होते आणि त्यांना सारखी हुडहुडी भरे. खोकून खोकून गेले बिचारे. तंबाखूने खाल्लं, असं सगळे म्हणाले.

आता त्याच खोलीत पाळणा मांडला होता. मॅकेक्नींच्या मुलीला, शोनाला, दिवस भरायच्या आत मुलगी झाली होती. डनीडनच्या इस्पितळात ती पोर अजून काचेच्या पेटीत होती. फुप्फुसं कच्ची. घरी नेताना घर उबदार हवं, कोरडं हवं, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. शोनाच्या भाड्याच्या खोल्यांत भिंतीवरचे कोळीसुद्धा गारठून मरत.

"इकडे आण तिला," अ‍ॅलेक फोनवर गरजला होता. "आपल्यासारखं उबदार घर अख्ख्या दक्षिणेत दाखव मला!"

पाळण्यावर पांढरी चादर घालायला मोराग वाकली आणि थबकली. बटाट्याचं पोतं तळाशी सडायला लागलं की येतो तसा वास. तिने वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यात, पाळण्याच्या बरोबर वर, चहा सांडल्यासारखा डाग होता.

"अ‍ॅलेक, इथे काहीतरी उतरलंय."

"तुझं नाक उतरलंय. साठी उलटली की होतं असं."

"वर चढून बघ जरा."

"काय बघायचंय? माझ्या हातचं काम आहे ते. धुराड्याची काजळी धरली असेल, दुसरं काय."

मग मोराग स्वतःच शिडी लावून घरातल्या बोळाच्या छतातल्या झडपेतून वर गेली. टॉर्च सरळ धरली तेव्हा वासे नुसते काळे दिसले. तिरपी धरली तेव्हा त्या काळ्यावर लव दिसली, पीचच्या सालीवर असते तशी. पत्र्याच्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. न्हाणीघरातल्या पंख्याची नळी छपराबाहेर न जाता तिथेच लोकरीत तोंड खुपसून पडली होती. अ‍ॅलेकच्या सकाळच्या आंघोळीची वाफ तिच्यातून अजून येत होती. लोकर जिथे दाट, तिथे काळं दाट. आणि सगळ्यात दाट होतं ते मागच्या खोलीच्या डोक्यावर.

खाली उतरून तिने कुंपणावरून मेरेआनाला हाक मारली. शेजारची मेरेआना आयुष्यभर कातरणीच्या शेडमध्ये लोकर निवडत आलेली. एकदा तिच्याही घराला बुरशीने धरलं होतं. तेव्हापासून ती भर हिवाळ्यातही सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या उघडत असे आणि अ‍ॅलेक कुंपणावरून चिडवी, "काय गं, बाहेरच्या गाईंना ऊब देतेस होय?"

मेरेआना वर डोकावून आली आणि म्हणाली, "ब्लीचचा एक थेंब लाव. काजळी असेल तर ढिम्म हलायची नाही. फिकी पडली तर बुरशी समज."

दोघी शिडीवर एकीखाली एक उभ्या राहून बघत होत्या. काळा ठिपका तांबूस झाला, मग फिका.

"आता हात लावू नकोस," मेरेआना हळू आवाजात म्हणाली. "कोरडं झाडलंस की तिची धूळ होते आणि घरभर उतरते. आधी मास्क आण, डोळ्यांना चष्मा आण, मग बघू. तोवर ही झडप बंद."

दुसऱ्या दिवशी मोराग त्या खरेदीसाठी बाल्क्लूथाला गेली. इकडे अ‍ॅलेकच्या मनाला लागलं होतं. दोन बायकांनी मिळून त्याच्या कामाला सडकं ठरवलं! शेडमधला राठ झाडू घेऊन तो तसाच माळ्यावर चढला.

मोराग परतली तेव्हा झडप उघडी होती. बोळातली जमीन करडी झाली होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि पाळण्याच्या पांढऱ्या चादरीवर पिठीसारखा काळसर थर. तिने त्यावर बोट फिरवलं. बोटाची रेघ उठली.

अ‍ॅलेक मागच्या पायरीवर बसून खोकत होता. कोरडा खोकला, आणि शेवटी बारीक शीळ.

मोरागच्या हातातली पिशवी तशीच राहिली. हा खोकला तिने दोन हिवाळे भिंतीपलीकडून ऐकला होता. अ‍ॅलेकनेही तो ओळखला असावा, कारण तो थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाबा तर तंबाखू ओढायचे."

"ओढायचे ना," मोराग म्हणाली. तिने पिशवी पायरीवर ठेवली.

"पोर येणार कधी?"

"सोमवारी."

तो उठला. "मास्क दे. आणि त्या मेरेआनाला बोलाव. काय टोमणे मारायचेत ते मारू दे."

मेरेआनाने एकही मारला नाही, आणि अ‍ॅलेकला तेच जास्त लागलं असेल. तिने त्याला आधी डॉक्टरकडे पिटाळलं. माळ्यावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. मग वर दोघी बायकाच चढल्या. झडपेला आतून प्लास्टिक चिकटवलं आणि शिडी बाहेरून, छपराखालच्या त्रिकोणी भिंतीतल्या लहान खिडकीला लावली. काही हलवायच्या आधी सगळ्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा, मग ओल्या फडक्याने पुसणं. ठासलेली लोकर ओली, जड आणि आतून काळी निघाली. ती तिथेच पिशव्यांत कोंबून तोंडं बांधायची आणि बाहेरच्या बाहेर दोरीने सोडायची. खाली अ‍ॅलेक मास्क लावून एकेक पिशवी उचलून घेत होता. आपल्याच हातची लोकर. पहिल्या गोणीची कुठली, हे त्याला ओळखता आलं का, कोण जाणे.

पंख्याची नळी सुताराने पत्र्याबाहेर काढली. वळचण मोकळी झाली आणि पहिल्यांदाच वारा माळ्यावरून आरपार गेला. घर गार पडलं.

"वासे खडखडीत सुकेपर्यंत इथे बाळ आणायचं नाही," मेरेआना म्हणाली. "माझ्याकडे आणा. माझ्या गाईंना सांगते थोडे दिवस दुसरीकडे ऊब शोधायला."

शोनाला फोन मात्र अ‍ॅलेकनेच केला. घरात काय निघालं ते त्याने सगळं सांगितलं. मग शोना म्हणाली, "बाबा, आजोबा त्याच खोलीत होते ना?"

अ‍ॅलेकने फोन मोरागच्या हातात दिला.

"हो," मोराग म्हणाली. "त्याच खोलीत."

"मग आजोबांना..."

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, बाळा. तू मेरेआनाकडे उतर. आपलं घर बरं झालं की मी सांगेन."

"नाकाने?"

"नाकानेच."

सोमवारी पोर मेरेआनाकडे आली. मोराग रोज सकाळी आपल्या मागच्या खोलीत उभी राहते. पाळणा बाहेर काढलाय, खिडकी उघडी आहे, तोंडातून वाफ निघते. ती डोळे मिटून हुंगते. वास कमी झालाय. गेलाय असं म्हणायला तिची जीभ रेटत नाही.

मग ती बाहेर येते. अ‍ॅलेक कुंपणाशी उभा असतो. डॉक्टरांनी दिलेली औषधं घेतो, पण कुंपण ओलांडत नाही. मेरेआना खिडकीशी येऊन पोरीला उंच धरते. तो टोपी काढून हलवतो, आणि खोकला आला की पटकन पाठ फिरवतो. मोराग त्या खोकल्याच्या शेवटाकडे कान लावून थांबते. शीळ अजून येते.