मी तपासलेली नोटीस

"ओ मावशी, बाहेर या. बाहेर या आधी. वाचता येत नाही का?"

सुनीता लिफ्टमध्ये शिरली होती. आमच्या घरी भांडी-पोळ्यांना यायची ती. हातात आमच्यासाठी आणलेली मेथीची जुडी. कामवाल्यांची लिफ्ट तीन दिवस बंद होती आणि आमचं घर अकराव्या मजल्यावर. मी तिच्या शेजारीच होतो, पेपर घेऊन वर निघालेला. सोसायटीचे सेक्रेटरी दारात हात आडवा धरून उभे.

"येतं वाचता," ती म्हणाली.

"मग भिंतीवर काय लिहिलंय?"

तिने वाचून दाखवलं. इंग्रजीत, संथ, एकेक शब्द. मेड, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी सेपरेट लिफ्ट आहे. ही लिफ्ट वापरू नये.

"अरे वा! मावशी तर कॉन्व्हेंटच्या निघाल्या."

लॉबीतल्या दोघी हसल्या. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात पाहिलं.

ती उतरली. दार बंद झालं. मी वर पोचलो, चप्पल काढली, पाणी प्यायलो, तरी ती आली नव्हती. आली तेव्हा गुडघ्यावर हात होता. भांडी घासली, पोळ्या केल्या, मेथी निवडून ठेवली, गेली. तोवर मी आतल्या खोलीत दार लोटून बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आता जे लिहितो ते इथे कुणाला सांगितलेलं नाही.

सुनीता माझी विद्यार्थिनी. कल्याणच्या मराठी शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आठवीत ती माझ्या वर्गात होती. मुलाने ठाण्याला या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, मी त्याच्याकडे राहायला आलो. ती काम विचारायला दारात आली तेव्हा तिनेच ओळखलं. "सर, तुम्ही?" केवढी हसली होती. मी आधी समोरचं दार उघडं आहे का ते पाहिलं.

आणि दुसरं. ती नोटीस मी तपासली आहे.

सेक्रेटरींनी मजकूर फोनवर पाठवला होता. "सर, तुम्ही इंग्रजीचे. चुका असल्या तर बघा, नाहीतर लोक हसतात." मी चष्मा लावून दोनदा वाचला. एक चूक सापडली. सेपरेट या शब्दात पीच्या पुढे ई लिहिलं होतं. बरेच जण तसंच लिहितात, शिकलेलेसुद्धा. तिथे ए पाहिजे. वर्गात मी सांगायचो, या शब्दाच्या पोटात उंदीर आहे. पी झाला की 'ए रॅट' लिहा आणि शेवटी ई. पोरं हसायची आणि पुन्हा चुकायची नाहीत. मी ई काढून ए केलं, मजकूर परत पाठवला. त्यांचा अंगठा आला. मला बरं वाटलं. खरं सांगतो, दिवसभर बरं वाटत होतं. किती वर्षांनी कुणीतरी काही तपासायला दिलं होतं.

मजकूर काय म्हणतोय ते कळलं नाही असं नाही. कळलं. माझ्याइतकं या टॉवरमध्ये कुणालाच कळलं नसेल.

सेपरेट म्हणजे वेगळा. असा अर्थ मी फळ्यावर लिहायचो. मला तो स्टाफरूममध्ये समजला होता. नोकरी नवी होती. मधल्या सुट्टीत शिपाई सगळ्यांना कपबशीत चहा द्यायचा, मला काचेच्या ग्लासात. मला वाटायचं, कप कमी असतील. दीड वर्ष वाटत होतं. मग एक नव्या बाई आल्या. त्यांनी सहज तो ग्लास उचलला. एका जुन्या सरांनी त्यांचा हात धरला.

"अहो, तो नको. तो त्यांचा."

एवढंच. आवाजही चढवला नाही. बाईंनी चटका बसल्यासारखा ग्लास खाली ठेवला. मी तो उचलला आणि चहा प्यायलो. सगळा. पुढे कित्येक वर्षं प्यायलो. ग्लास फुटला की नवा ग्लास यायचा. कप कधी आला नाही. मी कधी मागितला नाही.

माझं आडनाव चार जातींत सापडतं. टॉवरमधल्या लोकांनी मला आपल्यातला धरलं. मी धरू दिलं. निळ्या कोटातला फोटो मुलाने हॉलऐवजी आतल्या खोलीत लावला, तेव्हाही मी बोललो नाही. टॉवरमध्ये कुणी मला ग्लासात चहा देत नव्हतं. तेवढ्यासाठी सगळं.

आठवड्याने मी विठ्ठलवाडीला गेलो. पत्ता विचारत विचारत. सुनीताची मुलगी दारातच होती, कॉलेजात जाते.

"आई, हेच का गं उंदीरवाले सर?"

"गप गं. या सर, बसा."

मी बसलो नाही. म्हणालो, "सुनीता, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुम्ही बोलला नाहीत त्यात नवीन काय सर? वर्गात पण तसंच. एक अक्षर चुकलं की छडी. आणि मागच्या बाकावर आम्हाला कोण काय काय बोलायचं, ते तुम्हाला कधी ऐकू यायचं नाही."

मला ऐकू यायचं. तिलाही ते माहीत होतं.

मग मी नोटिशीचं सांगितलं. तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"म्हणजे लावायच्या आधी तुम्ही वाचली होती?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

मुलगी म्हणाली, "आणि सर, चूक एकच सापडली तुम्हाला?"

सुनीताने या वेळी तिला गप केलं नाही.

मी म्हणालो, कामावर परत ये. ती म्हणाली, "नाही येणार. डोंबिवलीत दोन कामं धरलीत. आणि माफी इथे मागू नका सर. इथे आम्ही दोघीच. मला जिथे उतरवलं तिथे मागा."

घरी येऊन मी सोसायटीच्या सभेसाठी विषय लिहिला. लिफ्टसमोरची नोटीस काढून टाकण्याबाबत. मराठीत लिहिला, खाली सही केली. मुलाने वाचला आणि दार लावून घेतलं.

"बाबा, आपल्याला राहायचंय इथे. माझ्या पोरीच्या मैत्रिणी आहेत बिल्डिंगमध्ये. आणि तुमचं ते ग्लासाचं प्लीज काढू नका."

त्याला ते कुणी सांगितलं? मीच. तो लहान असताना. गोष्ट म्हणून सांगितलं होतं आणि वर म्हणालो होतो, बाहेर बोलायचं नाही. त्याला भ्यायला मी शिकवलं.

तरी मी तो कागद सोसायटीच्या ऑफिसात दिला. काल सेक्रेटरींचा फोन आला.

"सर, हे काय मध्येच? तुम्हाला काय त्रास आहे? तुम्ही थोडेच त्यांच्यातले?"

मुलगा समोर बसून नको म्हणून मान हलवत होता.

"त्यांच्यातलाच आहे," मी म्हणालो.

पलीकडून फोन बंद झाला.

सभा रविवारी आहे. मी उभा राहणार आहे. मजकूर मी तपासला, मी पास केला, आणि सुनीताला बाहेर काढलं तेव्हा मी तिच्या शेजारी तोंड मिटून उभा होतो, हे नावानिशी सांगणार आहे. माझी जात सांगणार आहे. नोटीस काढा म्हणणार आहे. नाही काढली तर तिथून उठून लॉबीत जाणार आणि सगळ्यांच्या देखत ती फाडणार.