रिठ्याच्या पाण्यातली घडी

बाबा आणि काकांनी गावची, खाप्याची शेती वाटली, भांडी वाटली, बैलसुद्धा वाटले, आणि कुठे आवाज चढला नाही. अडलं ते आजोबांच्या खिशातल्या सोन्याच्या घडीवर, म्हणजे घड्याळावर. तेही भांडून नव्हे! "तूच ठेव गा," बाबा म्हणायचे. "नाही दादा, तूच ठेव," काका म्हणायचे. दुपारभर हाच घोळ.

खरं म्हणजे बाबांना ती घडी हवी होती. आजोबा गेल्यापासून रोज सकाळी तेच तिला चावी द्यायचे, कानाला लावायचे, टिकटिक ऐकायचे आणि मगच चहाचा कप उचलायचे. मला हे दिसत होतं, आईला दिसत होतं. पण तोंडाने मागतील तर ते बाबा कसले! "मले काय करायचं आहे? मनगटावर एक आहेच," म्हणे. माझं डोकं फिरायचं.

शेवटी ठरलं, किंमत काढायची आणि जो ठेवेल त्याने दुसऱ्याला अर्धी द्यायची. आम्ही तिघं इतवारीत सराफाकडे गेलो. त्याने घडी उलटीपालटी केली, नाक मुरडलं. "किती कळकट ठेवली हो! आणि मी सोनं तोलतो, मशीन नाही. मशीन काढून आणा."

तिथून भर उन्हातून सीताबर्डीला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आमच्यावरच तापला. "चालू मशीन काहून काढू? सोनं किती ते आधी सराफाले विचारून या."

म्हणजे तो म्हणतो मशीन काढा, हा म्हणतो आधी सोनं तोला. अख्खी घडी पाहणारा माणूस या शहरात आहे की नाही? मी तिथेच ओरडलो. काका थंडपणे म्हणाले, "काहून चिडून राहिला गा? उद्या पुन्हा येऊ."

घरी येऊन काकांनी आईला सगळी हकीकत सांगितली, त्या 'कळकट'सकट. आईला ते फार लागलं. सोनाराकडे सोनं न्यायचं तर आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवून, घासून, लखलखीत करून न्यायचं, नाहीतर घरच्या बाईची शोभा होते. बांगड्या, डोरलं, तिने जन्मभर असंच धुतलं होतं. घडीही सोन्याचीच ना! सकाळी बाबा चावी द्यायला गेले, तर घडी जागेवर नाही. ती स्वयंपाकघरात, वाटीत, फेसात बुडालेली.

काय झळकत होती म्हणून सांगू! आणि एकदम मुकी. आई तोंडाला पदर लावून रडत होती. बाबांनी घडी उचलली, पुसली आणि खिशात टाकली.

सीताबर्डीच्या दुकानात झाकण उघडलं तसं आतून पिवळट पाणी टेबलावर सांडलं. "हिचे पुर्जे आता कुठे भेटत नाहीत," घड्याळवाला म्हणाला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला आंघोळ घातली होती. काका लगेच म्हणाले, "मंग ठेव तूच, दादा. बंद घडीची काय किंमत करत बसायची?"

अरे देवा! बाबांनी आदल्या दिवशी एकदा, फक्त एकदा 'मले पाहिजे' म्हटलं असतं, तर काकांनी चालती घडी त्यांच्या हातावर ठेवली असती. रिक्षात मी दोघांना हे चांगलं सुनावलं.

घरी आई जेवेना. संध्याकाळी बाबांनी घडी कानाला लावली आणि आत तोंड करून म्हणाले, "चालू झाली वं! वाळली असन." धडधडीत खोटं. तेव्हापासून रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की बाबा काटे जुळवायचे आणि घडी कानाला लावायचे. आतून आई विचारायची, "चालते का जी?" बाबा म्हणायचे, "चालते." मग कप उचलायचे. वर्षानुवर्षं हे नाटक मी दात-ओठ खाऊन पाहिलं.

एकदा मात्र राहवलं नाही. बाबा बाजारात गेले होते. मी आईला म्हटलं, "ती घडी बंद आहे वं आई! बाबा खोटं बोलून राहिले."

आईने तव्यावरची पोळी उलटली.

"मले का दिसत नाही गा? पण मी विचारलं नाही, तर ते घडीले हातच लावणार नाहीत. तू त्यायले काही सांगू नको."