बिबट्या दिसल्याचं बटण

अल्मास पठाण सहा वर्षं पुण्यात वेबसाइटची रचना करायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती देवळाली प्रवराला परतली आणि घरूनच कामं घेऊ लागली. आसपासच्या उसात बिबटे वाढले होते. गावातल्या काही जणांनी तिला गळ घातली, बिबट्या दिसला की मोबाईलवरून कळवता येईल आणि जवळच्या वस्त्यांवर लगेच इशारा जाईल असं काहीतरी कर. तिनं केलं. त्यात नकाशा होता, फोटो जोडायची सोय होती, नाजूक राखाडी अक्षरं होती. सगळ्यांनी वाहवा केली.

पंधरा दिवसांनी ओढ्याकडच्या वस्तीवरची मालनबाई दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"पोरी, तुजं ते मोबाईलमधलं मला जमलं न्हाई."

"काय झालं मावशी?"

"घास कापीत हुते. पाटापल्याड जनावर बसल्यालं. मोबाईल काढला, तर त्यो म्हनला तालुका निवडा. मग म्हनला फोटू काढा. फोटूसाठी त्याच्या म्होरं जाऊ व्हय?"

मालनबाई तासभर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कडी लावून बसली होती. तेवढ्यात बिबट्या शेजारच्या आदिनाथच्या अंगणात शिरला आणि शेळी घेऊन गेला. त्याची सून तिथंच भांडी घासत होती. तिला कुणी सावध केलंच नव्हतं.

अल्मासला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मावशी, मला तिथं घेऊन चला. तुम्ही कुठं अडलात ते बघते."

दहाच्या उन्हात दोघी पाटाजवळ पोचल्या. अल्मासनं मोबाईल उघडला. पडद्यावर उन्हाची नुसती चकाकी. स्वतः निवडलेली राखाडी अक्षरं तिला दिसेनात. तेवढ्यात उसात सळसळ झाली. वारा नव्हता.

"हलू नगं," मालनबाई कुजबुजली.

पाचटावर काहीतरी जड पाऊल टाकत होतं. अल्मासनं घाईघाईनं इशारा द्यायला घेतला. बटण जोंधळ्याच्या दाण्याएवढं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा भलतीच यादी उघडली. मालनबाईनं विळा लोखंडी पाइपावर बडवायला सुरुवात केली आणि मोठ्यानं ओरडली. सळसळ थांबली. मग दूर, ओढ्याच्या बाजूला सरकत गेली.

बिबट्या होता की रानडुक्कर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरी येऊन अल्मास अंगणातल्या नळाखाली हात धरून बसली. ओल्या हातानंच तिनं मोबाईल पुन्हा उघडला.

मग तिनं त्यातली जुनी रचना सगळी पुसून टाकली. आता उघडलं की पडदाभर एकच लाल बटण: 'बिबट्या दिसला'. तालुका नाही, फोटो नाही. जागा मोबाईल आपला आपणच कळवतो. बटणाची चाचणी घ्यायची तऱ्हाही बदलली. वस्तीवरच्या बायकांना ती आधी विहिरीपर्यंत पळत जाऊन यायला लावते आणि धापा टाकतच बटण दाबायला सांगते. पदराआडून, ओल्या हातानं, चष्म्याशिवाय.

पहिल्या आठवड्यात नऊ खोटे इशारे आले. त्यातला एक तर कुत्रा पाहून दिलेला होता. लोक चिडले. दहावा खरा निघाला. ओढ्याकडच्या चारही वस्त्यांची दारं दोन मिनिटांत बंद झाली.

अल्मासची भीती मात्र गेली नाही. इशारा वाजला की तिचं काळीज धडधडतं, आणि कुणाच्या अंगणात कोण उभं असेल या विचारानं ती एकेका वस्तीवर फोन लावत सुटते.