पाटीवरचं आडनाव

लग्नाआधी तिच्या शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर माहेरचं आडनाव होतं. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे तिने ते पुसून सासरचं लिहून घेतलं. पुढे दुकान छान चाललं, संसार मात्र चालला नाही. घटस्फोट झाला तरी आडनाव राहिलं, कारण गिऱ्हाइकं तिला त्याच नावाने ओळखत होती.

नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि एका दुपारी तो तोऱ्यात दुकानात शिरला. "आमचं नाव उतरव पाटीवरून."

तिने हातातली कात्री खाली ठेवली. नवं नाव म्हणजे धंदा पुन्हा पहिल्यापासून. "का? तुझ्या बायकोला खटकतं?"

"छे! ती तिचं माहेरचंच आडनाव लावते."

तेवढ्यात त्याच्या मागोमाग आलेल्या सासूबाई थेट दुकानाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"खबरदार पाटीला हात लावलास तर!" त्या लेकावर कडाडल्या. "अरे, आपलं नाव मिरवणारी एवढी एकच सून उरलीय मला!"

मग त्या तिच्याकडे वळल्या.

"आणि तू गं? अक्षरांचा रंग किती उडालाय बघ. आजच नवा देऊन घे. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे!"