दुखायचं थांबलं तो दिवस

"दुखायचं कधी थांबलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज सकाळी, दहाच्या सुमारास," मी म्हणालो. बरं होत आल्याचा पुरावा दिल्यासारखं मला वाटलं.

त्यांनी माझ्या पोटावर बोटं दाबली आणि पटकन सोडली. मी ओरडलो. "मास्तर, दहा वाजता तुमचं अपेंडिक्स फुटलं. आता पेरिटोनायटिस झालाय. पोट उघडावं लागेल, आत्ताच."

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला लोंबणारी करंगळीएवढी शेपटी. ती सुजते, पिकते आणि फुटली की आतली घाण पोटभर पसरते. त्यामुळे पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते, ती पेरिटोनायटिस. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी वेंगुर्ल्याच्या इस्पितळातल्या लोखंडी टेबलावर एवढंच कळलं की मी मरतोय. मला चाळीसही पुरी झाली नव्हती. शालिनी, माझी बायको, उशाशी उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

पन्नास सालानंतरची, आमच्या वाडीत वीज यायच्या आधीची ही गोष्ट. मी मालवणात हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. आमच्याकडे माडांच्या बागेला डोळ्यांना न दिसणारा राखणदार असतो, अशी समजूत आहे. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांदेखत मोठ्याने मागणं मागायचं, ही राखण. त्या वर्षी मी ती दिली नाही. मी बीए झालेला माणूस, असली थेरं माझ्या घरात चालणार नाहीत, असं चारचौघांत सांगून मोकळा झालो होतो.

पंधरा दिवसांत पोटात कळ आली. आधी बेंबीभोवती, मग दोन उलट्या. दुसऱ्या दिवशी कळ सरकून उजवीकडे खाली जाऊन बसली आणि अंगात ताप भरला. वाडीत गाऱ्हाणं घालणारे भाऊकाका समाचाराला आले ते थेट म्हणाले, "मास्तरा, राखण चुकवलंस मां? ही शिक्षा आसा."

मी हसलो. हसताना पोटात सुरी फिरली.

ते गेल्यावर मी माझी जाडजूड डिक्शनरी मागवली. दुखणं या अर्थाचा इंग्रजी शब्द पेन. पोरांना हजारदा शिकवलेला, पण त्याचं मूळ कधी बघितलं नव्हतं. भाऊकाकांना खोटं पाडायला काही मिळेल, असा माझा होरा होता. मिळालं ते भलतंच. ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत, असा तो शब्द आलेला. मूळ अर्थ दंड, शिक्षा. ग्रीकांकडे तर सांडलेल्या रक्ताची भरपाई. फौजदारीच्या पीनल कोडातला पीनल त्याचाच भाऊबंद. जिवाची भीती घालून हुकूम सोडताना इंग्रज अजूनही तोच शब्द वापरतात: ऑन पेन ऑफ डेथ, न ऐकाल तर मरणाची शिक्षा.

मी पुस्तक मिटलं. वाडीतला म्हातारा म्हणाला तर हसण्यावारी नेता येतं. पण ग्रीक, रोमन आणि इंग्रज सगळेच त्याच्या बाजूने उभे राहिल्यावर मी कुठे जाणार होतो? सांगायला लाज वाटते, पण मी खरोखर घाबरलो. कोण मला शिक्षा देतंय आणि ती केवढी आहे, हेच मनात फिरत राहिलं.

शालिनी म्हणाली, "अवो, आधी डॉक्टराक दाखवया. राखण काय, मागसून दिव."

"नको," मी म्हणालो. "आधी राखण." दुपारी पोट साफ व्हावं म्हणून एरंडेलही मीच मागून घेतलं. पोट दुखत असताना जुलाब देऊ नये, सुजलेलं अपेंडिक्स त्याने फुटू शकतं, हे आज मी दिसेल त्याला सांगत सुटतो. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत राखण दिली. मी खाटेवरून ऐकत होतो. "ह्या लेकराचा काय चुकला-माकला आसात तर माफ कर आणि ह्येचा दुखणा घेवन जा रे महाराजा!" भाऊकाकांनी म्हटलं आणि जमलेल्यांनी साथ दिली, "व्हय महाराजा!"

आणि दुखणं गेलं! दिवा मालवावा तसं. मी रडलो. पेज मागितली, चार घास खाल्लेही. माणसं आनंदाने बोलत परतली.

दुपारी अंग पुसताना शालिनीचा हात पोटावर थांबला. "ह्या पोट न्हय, फळी झाली हा," ती म्हणाली. मला उचकी लागली होती, हातपाय गार पडले होते. "दुखत नाही गो," मी म्हणालो. ती म्हणाली, "म्हणानच माका भय वाटता." भाऊकाकांनी थांबायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. वेंगुर्ल्याला न्यायला मला एसटीत घातलं. कसालला गाडी बदलली, कुडाळ मागे पडलं. प्रत्येक खड्ड्यागणिक ती माझं पोट दोन्ही हातांनी धरून बसली होती.

ऑपरेशननंतरचे दिवस भीतीचेच गेले. पोटात रबराची नळी, तिच्यातून वाहणारा पू, ठरल्या वेळी टोचलं जाणारं पेनिसिलिन. पाण्याचा घोटही वर्ज्य. शेजारच्या खाटेवरचा माणूस एका दुपारी गेला आणि चादर बदलून तिथे दुसरा आला. ताप उतरतोय का, हे मी नर्सच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न करायचो.

नवव्या दिवशी नळी निघाली. तेव्हा मी डॉक्टरांना डिक्शनरीची हकीकत सांगितली. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"शब्द कुठून आला ते तुम्ही बघा, दुखणं कुठून आलं ते मला बघू द्या," ते म्हणाले. "दोन दिवस ते बोंबलून तुम्हाला जागं करत होतं. थांबलं, तेव्हा तुम्ही मरायला लागला होतात."

म्हणजे घरात खरा राखणदार एकच होता, आणि त्याला गप्प बसवायला आम्ही कोंबडा दिला होता.

पुढच्या वर्षी मी राखण दिली. भाऊकाका खूश झाले. गाऱ्हाणं मात्र मीच घातलं. "बा देवा महाराजा, माझ्या घरात कोणाचा काय दुखात, तर ता आमका कळांदे. घेवन जाव नको. आमी जागे होईपर्यंत बोंबलत रव रे महाराजा!"

कुणी साथ देईना. असलं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं. साथ द्यायची ती पुरुषांनी, असा आमच्याकडे रिवाज.

मागून शालिनीचा आवाज आला, खणखणीत. "व्हय महाराजा!"