हात लावू का?

कॉलेजात त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे 'हात-काढा बाई'. हे नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. समाजशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंच्या चाकाच्या खुर्चीला कुणी मागून हात लावला, की मानही न वळवता त्या म्हणायच्या, "हात काढा. आधी विचारा." एकदा उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांनी मोठ्या मायेने खुर्ची ढकलली, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं, तेही माइक चालू असताना. पाहुण्यांचं भाषण मग फार थोडक्यात आटोपलं, आणि त्याबद्दल बरेच जण अजून बाईंचे उपकार मानतात.

लोकांना वाटे, बाई भारी स्वाभिमानी. त्या होत्याच. पण त्या स्वाभिमानाच्या आड एक साधी, पोरकट भीती दडून बसली होती आणि तिचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बाईंना कुणी उचलून घेण्याची भीती वाटायची.

पायांतलं बळ फार लहानपणी गेलं. शाळेचा वर्ग वरच्या मजल्यावर. सकाळी वडील उचलून वर नेत, शाळा सुटल्यावर थोरला भाऊ खाली आणी. दादा स्वभावाने चांगला, पण अंगात मस्ती फार. एक दिवस मित्रांशी पैज लावून तो तिला घेऊन जिना धावत उतरला आणि मध्येच त्याचा पाय सटकला. तिचं कोपर मोडलं. दादा तिच्याहून मोठ्याने रडला, त्यामुळे घरच्यांनी आधी त्यालाच जवळ घेतलं. हाड यथावकाश जुळलं. पण अंगाखाली काहीच नाही आणि आपण दुसऱ्याच्या हातातून निसटतोय, हा जो क्षण होता तो काही गेला नाही. पुढे काकांनी उचललं, मावसभावांनी उचललं, "चल गं, वजन ते किती तुझं" असं म्हणत ओळखीपाळखीच्यांनीही उचललं. दर वेळी ती उचलणाऱ्याची कॉलर मुठीत घट्ट धरून ठेवायची. तिला विचारलं मात्र कुणीच नाही.

मोठेपणी ती जी भांडायला उभी राहिली ती थांबलीच नाही. उभी राहिली म्हटलेलं बाईंना चालतं, त्या स्वतःच तसं म्हणतात. कोर्ट असो, बँक असो, परीक्षेचं केंद्र असो, पायऱ्यांशेजारी उतार हवा, लिफ्ट हवी, म्हणून त्यांनी साहेबलोकांना सळो की पळो करून सोडलं. "चार माणसं आणतील की उचलून" असं कुणी म्हणालं, की संपलंच. ज्यांना कॉलेजचं दार दिसलं नसतं अशी कितीतरी मुलं बाईंमुळे पदवी घेऊन बाहेर पडली. आणि बाईंनाही वर्षानुवर्षं कुणाच्या हातात जावं लागलं नाही.

गाडं अडलं ते एकाच ठिकाणी. आग लागली तर लिफ्ट बंद होणार, मग बाईंना खाली कसं आणायचं याचा एकदा सराव करू, असं सुरक्षा समितीने सुचवलं. त्यावर बाईंनी आत्मसन्मानाविषयी असं काही भाषण ठोकलं, की समितीने विषयच गुंडाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलाखाली बाईंनी खुर्चीची चाकं घट्ट धरून ठेवली होती.

आणि एका दुपारी तळमजल्यावर विजेच्या वायरी पेटल्या.

बाईंचा तास तिसऱ्या मजल्यावर चालू होता. धोक्याची घंटा वाजली, बाकं सरकली, वर्ग भराभर रिकामा झाला. दोन दांडगी पोरं तेवढी दारात थबकली. खुर्चीला त्यांनी हात लावला नाही. बाईंच्याच तालमीतली ती.

"मॅडम, आम्ही नेऊ का उचलून?"

"नको. मी बघते. तुम्ही निघा."

तोंडाला वळण पडलेलं, शब्द आपोआप निघून गेले. पोरं आज्ञाधारक, ती निघाली. इतक्या वर्षांत बाईंचा शब्द कुणी इतका तंतोतंत पाळला नव्हता.

मी बघते म्हणजे काय बघणार? खुर्ची घेऊन त्या लिफ्टपाशी गेल्या. बंद. मोठ्या जिन्यातून करडा धूर वर येत होता. फोन स्टाफरूममधल्या पर्समध्ये. त्यांनी हाक मारून पाहिली, पण आवाज त्यांनाच जेमतेम ऐकू आला. मग त्या मागच्या जिन्याकडे गेल्या. तिथे अजून हवा स्वच्छ होती. पहिल्या पायरीच्या अलीकडे त्यांनी चाकं करकचून धरली. आपण इथेच मरणार, आणि आपल्याला कुणी टाकून गेलं म्हणून नाही, तर आपणच 'नको' म्हणालो म्हणून, हे त्यांना लख्ख कळलं आणि त्या रडायला लागल्या.

खालून पावलं वाजली. शिपाईमामा खोल्या तपासत वर येत होते. निवृत्तीला टेकलेला काटकुळा माणूस. बाईंना पाहून ते धावत आले आणि खुर्चीपुढे थांबले. दोन्ही हात पाठीमागे.

"मॅडम, हात लावू का?"

बाईंना हो म्हणायचं होतं. जीभ हलेना.

"मॅडम, धूर इकडे वळतोय. हो म्हणा. तुमच्या हो-शिवाय कसा लावू हात?"

"मामा, मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं होतं. "आगीची नाही. उचलण्याची. पाडाल तुम्ही मला."

दुसरा कुणी म्हणाला असता, छे, मी कसा पाडेन. मामा म्हणाले, "माझीही टरकलीय. पाठीवर घेऊ, का हातांवर?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. "पाठीवर," बाई म्हणाल्या. "आणि धावू नका."

मामा धावले नाहीत. पायरी आली की पायरी म्हणत, वळण आलं की वळण म्हणत ते उतरले. बाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि नखं मामांच्या खांद्यात रुतली होती. भीती तसूभरही कमी झाली नाही. फक्त जिना संपला.

आग तासाभरात विझली. नंतरच्या बैठकीत बाईंनी स्वतःच सरावाचा विषय काढला. तेव्हापासून नवी मंडळी कामावर रुजू झाली, की बाई त्यांना मागच्या जिन्यापाशी बोलावतात आणि स्वतःला खाली न्यायला लावतात. दर वेळी त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो आणि नव्या माणसाला वाटतं, आपलंच काही चुकलं.

"तुमचं काही नाही," बाई सांगतात. "हात लावायच्या आधी विचारा. मी नको म्हणेन. तेव्हा निघून जाऊ नका. पुन्हा विचारा."